सल्ल्याची बिदागी

भाऊबीजेला अकोल्यास बहिणीकडे जाण्याचा माझा नेम फार जुना आहे. अमरावतीहून सकाळी निघावे, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू ही ओळखीची गावे एकामागून एक मागे टाकावीत आणि दुपारच्या जेवणाला तिच्या घरी पाटावर बसावे, हा परिपाठ इतक्या वर्षांत क्वचितच चुकला असेल. ओवाळणी होते, फराळ होतो, आणि मग आमच्या घराण्याच्या चालीप्रमाणे घरातल्या मुलांनी पुढे काय करावे यावर मोठ्या माणसांची भवति न भवति सुरू होते. गेल्या वर्षीच्या बैठकीचा विषय होता माझी भाची. पुण्याची बरी चाललेली नोकरी सोडून ती अकोल्यास परत आली होती, आणि आता मी कोच होणार, असे तिने जाहीर केले होते.

आमचे मेहुणे रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर करून विचारले, “कोच म्हणजे? डब्याचा कारखाना काढणार आहेस की काय?” बहिणीला वाटले, मुलगी कबड्डी शिकवणार. भाचीने शांतपणे समजावून सांगितले की, लहान व्यापाऱ्यांना, नव्याने धंदा काढणाऱ्यांना, आपल्या आयुष्याचे काय करावे हे न सुचणाऱ्या तरुणांना विचार करायला मदत करायची आणि त्याची फी घ्यायची, असा हा व्यवसाय आहे. तो शिकण्यासाठी एका संस्थेचा अभ्यासक्रम होता. त्याची फी होती अडीच लाख रुपये, आणि त्यांतले एक लाख मामाकडून उसने मिळतील का, हा तिच्या प्रश्नाचा खरा रोख होता.

“अगं, सल्ला तर गल्लीबोळात फुकट मिळतो. त्याला पैसे कोण देईल?” बहीण म्हणाली.

“म्हणूनच मामांना विचारते,” भाची म्हणाली. “मामा, तुम्ही तीस वर्षं इतिहास शिकवलात. आपल्या वऱ्हाडात दुसऱ्याला शहाणपण सांगून कोणी पोट भरलं का? भरलं असेल तर कसं?”

प्रश्न मला आवडला. त्या वेळी मी थोडेबहुत उत्तर दिले, पण समाधान झाले नाही. परत आल्यावर वर्षभर तो डोक्यात घोळत राहिला. त्याचे जे काही उत्तर मला सापडले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी त्या शब्दाचीच कुळकथा सांगतो, कारण मेहुण्यांचा प्रश्न दिसतो तितका भाबडा नव्हता. हंगेरी देशात कोच नावाचे एक खेडे आहे. पाचशे वर्षांपूर्वी तेथे हलक्या, आरामशीर घोडागाड्या तयार होऊ लागल्या आणि त्या गावाचे नावच युरोपभर गाडीला चिकटले. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पैलतीरी पोचविणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेने तेच नाव दिले. तेथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला आणि मैदानावरून शेवटी व्यापारी कचेऱ्यांत शिरला. म्हणजे रेल्वेचा कोच काय आणि आमची भाची काय, दोघांचे काम माणसाला त्याच्या मुक्कामी पोचविण्याचेच.

मैदानावरचा कोच आम्हा अमरावतीकरांना नवा नाही. वैद्य बंधूंनी 1914 साली आमच्या गावात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे रोप लावले. तेथल्या वस्तादांच्या हाताखाली तयार झालेल्या पथकाने 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी थेट बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. आखाड्यातला वस्ताद हा सल्लागाराचा सर्वांत प्रामाणिक प्रकार म्हटला पाहिजे. त्याचा सल्ला बरोबर की चूक, हे हौद्यात उतरताच सर्वांना दिसते. भाचीच्या नव्या धंद्याची अडचण नेमकी येथेच आहे. आयुष्याला किंवा दुकानाला असा हौदा नसतो. सल्ला फसला हे कळायला कधी पाच वर्षे लागतात, आणि तोवर फी देऊन झालेली असते.

आता वऱ्हाडातल्या पहिल्या पोटभरू सल्लागाराकडे वळू. तो म्हणजे अडत्या.

वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचा भाव आला. 1867 साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली. अकोला, खामगाव, अमरावती येथे जिन उभ्या राहिल्या, प्रेस उभे राहिले, रुईच्या गाठी मुंबईकडे धावू लागल्या. ज्या कुणब्याच्या बापाने तालुक्याबाहेर पाऊल टाकले नव्हते, त्याच्या कापसाचा भाव आता लिव्हरपूलला ठरू लागला. तिकडे काय चालले आहे, हे त्याला कोण सांगणार? गाडी घेऊन तो बाजारात आला की अडत्याच्या गादीशी जाई आणि विचारी, “आज विकू की ठेवू?” या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे वर्ष अवलंबून असे. अडत्या माल विकून देई, त्याची अडत कापून घेई आणि हिशेबाची पट्टी हाती देई.

यात मेख अशी होती की, तोच अडत्या शेतकऱ्याला पेरणीला उचल देई, आणि त्याचीच ऊठबस माल घेणाऱ्या व्यापाऱ्याबरोबर असे. सौदा रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून ठरे. ज्याचा माल त्याला ती बोटे दिसत नसत. वर मापारी, हमाल, धर्मादाय अशी नाना नावांची कपात पट्टीवर चढे. सल्ला फुकट म्हणायचा, पण त्याची किंमत अशी नाना वाटांनी वसूल होई.

येथे मला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे वडील अकोल्यास एका अडतीत मुनीम होते. मी दहा-बारा वर्षांचा असेन, म्हणजे 1964 च्या सुमाराची हकीकत. वडिलांचा डबा घेऊन मी गेलो होतो. हंगामाचे दिवस, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. एक म्हातारा शेतकरी गादीच्या पायरीशी येऊन बसला आणि मालक आत गेलेले पाहून हळूच म्हणाला, “मुनीमजी, तुमी तं रोज भाव पायता. मले खरं सांगा, इकू का ठेवू?”

वडिलांना ठाऊक होते की, भाव चढण्याची चिन्हे आहेत. तशा तारा सकाळीच आल्या होत्या. आणि हेही ठाऊक होते की, मालकांनी एका व्यापाऱ्याला त्या दिवशी माल पुरवण्याचा शब्द दिलेला आहे. ते क्षणभर थांबले, वहीत पाहिल्यासारखे केले आणि म्हणाले, “विकून टाका, बुवा.”

म्हाताऱ्याने कापूस विकला. आठवड्यातच भाव वर गेला. पुढे महिनाभराने तो उचलीचा हिशेब करायला आला तेव्हा वडिलांनी मान वर केली नाही. तोच आपण होऊन म्हणाला, “तुमचा का दोस, बापा? भाव का तुमच्या हातात हाय?” त्याने शिव्या दिल्या असत्या तर वडील कदाचित विसरले असते. त्या क्षमेने त्यांना जन्माचे बांधून टाकले. म्हातारपणी, डोळे गेल्यावर, ते मला दोन-तीनदा म्हणाले, “त्यानं मला विचारलं होतं रे, मालकाला नाही.” मालक वाईट होते असेही नव्हे. वडील ज्याचे मीठ खात होते त्याच्या बाजूने बोलले, एवढेच. सल्लागाराचा पगार कोण देतो, हे आधी पाहावे, हा इतिहासातला पहिला धडा मी असा घरातच शिकलो.

आमच्या वऱ्हाडाची एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगण्यासारखी आहे. हा घोटाळा कायद्याने आवरण्याचा प्रयत्न हिंदुस्थानात सर्वप्रथम येथेच झाला. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंजा गावी 1886 साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने देशातला पहिला नियंत्रित बाजार भरला. पाठोपाठ 1897 साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. बाजाराला कमिटी आली, दलाल-मापाऱ्यांना परवाने आले, कोणी किती घ्यावे याला बंधन आले. कायदा निर्दोष नव्हता. कमिटीवर व्यापाऱ्यांचाच भरणा होता आणि ज्याच्यासाठी सारा खटाटोप, त्या शेतकऱ्याला तेथे खुर्ची नव्हती. 1928 साली शेतीविषयक रॉयल कमिशनने हे व्यंग दाखविले आणि तरीही अशा नियंत्रित बाजारांची शिफारस साऱ्या देशाला केली. आज गावोगाव दिसणाऱ्या बाजार समित्यांची आजी म्हणजे आमची ती कारंजाची पेठ.

गंमत पाहा. कापसाच्या गाडीबद्दल सल्ला देणाऱ्याला 1897 साली परवाना लागू लागला. आजही शेअरबाजारात पैसे कोठे गुंतवावे हे फी घेऊन सांगायचे असेल, तर 2013 च्या नियमांप्रमाणे सेबीकडे नोंदणी करावी लागते. पण लग्न करावे की नाही, नोकरी सोडावी की धरावी, दुकान वाढवावे की आवरावे, हे फी घेऊन सांगायला आपल्याकडे कोणताही परवाना लागत नाही. दारावर पाटी लावली की झाले. ‘इंटरनॅशनल कोच फेडरेशन’ नावाची एक संघटना 1995 साली अमेरिकेत निघाली. ती प्रमाणपत्रे देते, आचारसंहिता सांगते. परंतु तिचे सभासद व्हावे की न व्हावे, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

दुसरा सल्लागार म्हणजे वकील. त्याला सनद लागते, त्याची फी उघड असते, आणि सल्ला फसला तर भर कोर्टात फसतो. अमरावतीने या वर्गातली दोन मोठी माणसे पाहिली, आणि पैशाच्या बाबतीत त्या दोघांच्या वाटा फार निरनिराळ्या होत्या.

पहिले गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे. जन्म 1854 चा. वकिलीची परीक्षा झाल्यावर ते सरकारी नोकरीत गेले, आणि 1890 साली ती सोडून त्यांनी अमरावतीस वकिली थाटली. म्हणजे स्वतःच्या पाटीखाली बसले तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती, आणि न्यायासनाच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक झाल्या होत्या. वकिली अशी चालली की, लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणू लागले. 1897 साली अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले, शंकरन नायर अध्यक्ष होते, आणि स्वागताध्यक्षपदाची पगडी खापर्ड्यांच्या डोक्यावर होती. घरी पंगती उठत, पाहुण्यांचा राबता असे. 1908 साली लोकमान्यांना शिक्षा झाली तेव्हा त्यांच्यासाठी विलायतेत खटपट करायला दादासाहेब चालती वकिली सोडून गेले आणि दोन वर्षांनी परतले. पुढे 1911 च्या अखेरीस ते शिर्डीस जाऊन काही महिने राहिले. त्या मुक्कामाची त्यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. जन्मभर दुसऱ्यांना सल्ला देणारा हा मनुष्य संकटाच्या काळात एका फकिरापुढे गप्प बसून राहिला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. सल्ला देणाऱ्यालाही सल्ल्याची गरज पडते, आणि ती कबूल करायला नवाबाची पगडी आड येऊ देऊ नये.

दुसरे रंगनाथ नरसिंह मुधोळकर. जन्माने धुळ्याचे, कर्माने अमरावतीचे, 1912 सालच्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांचा पिंड वेगळा. वऱ्हाडचा कापूस कच्चा बाहेर जातो आणि कापड होऊन महाग परत येतो, हे शल्य त्यांच्या मनात होते. म्हणून त्यांनी उद्योगधंद्यांच्या उभारणीत मन घातले, आणि 1905 पासून काँग्रेसच्या मांडवाशेजारी जी औद्योगिक परिषद भरू लागली तिच्या चिटणीसपदाची धुरा वाहिली. नवे कारखाने कोणी काढावेत, भांडवल कसे जमवावे, तंत्र कोठून आणावे, याची चर्चा या परिषदेत होई. आजच्या भाषेत बोलायचे तर साऱ्या देशाचे बिझनेस कोचिंग म्हणावे लागेल! पण त्यासाठी मुधोळकरांनी कोणाला बिल पाठविले नाही. पोट वकिलीवर, आणि शहाणपण देशाला, अशी त्यांची वाटणी होती. ज्याला निर्भीड सल्ला द्यायचा आहे, त्याच्या घरची चूल त्या सल्ल्यावरच पेटत नसावी, हे या वाटणीने साधले.

आता तिसरा आणि माझ्या मते सर्वांत थोर. त्याच्या हातात खराटा होता आणि डोक्यावर गाडगे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झाला. वडील लवकर गेले, म्हणून आईबरोबर मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी मामांकडे ते वाढले. तेथे सावकाराच्या कर्जापायी मामांची जमीन गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. अक्षर न कळणाऱ्या माणसाला कागदाने कसे लुबाडतात, हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळाले नव्हते. 1905 साली त्यांनी घर सोडले आणि पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्रभर ते गाडगेबाबा म्हणून फिरले.

त्यांच्या कामाची रीत पाहा. गावात यायचे ते झाडू मारीत. कोणाचे लाकूड फोडायचे, कोणाचे अंगण झाडायचे, आणि मग भाकरी मागायची. कष्टाआधी खायचे नाही. रात्री कीर्तन. आपल्याकडे कीर्तनकाराला बिदागी देण्याची चाल पुरातन आहे. नारदीय कीर्तन करणारा बुवा पूर्वरंग-उत्तररंग आटोपतो, आरतीचे ताट फिरते, यजमान नारळ आणि दक्षिणा देतो, आणि त्यात काही गैर नाही. त्या बिदागीवर कितीतरी घरे चालली, कितीतरी विद्या टिकली. गाडगेबाबांनी मात्र स्वतःसाठी बिदागी घेतली नाही.

आणि त्यांचे कीर्तन म्हणजे तरी काय? भाची मला म्हणाली होती की, चांगला कोच उपदेश करीत नाही, प्रश्न विचारतो. उत्तर समोरच्याकडूनच काढून घेतो. मला हसू आले. अहो, हे तंत्र वऱ्हाडी बोलीत, उघड्या मैदानात, हजारो माणसांपुढे बाबांनी अर्धशतक चालविले होते. देवाला बकरे कापता, देव जेवतो काय? कर्ज काढून पंगत घालता, ते कोण फेडतो? दारूवर पैसे उडवता, पोराच्या पाटीला आहेत का? या अर्थाचे प्रश्न एकामागून एक येत, आणि समोरून समुदाय उत्तर देई. स्वतःच्या तोंडाने दिलेले उत्तर माणूस घरी घेऊन जातो. व्याख्यात्याचे उत्तर मांडवातच राहते.

आता हिशेबाकडे या, कारण भाचीचा प्रश्न पैशाचा होता. ज्याने स्वतःला काही घेतले नाही, त्याच्या शब्दावर लोकांनी किती दिले! ऋणमोचनला पूर्णेवर घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उठल्या. मुंबईत दूरगावच्या रोग्यांच्या नातलगांना टेकायला जागा झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. 1952 साली साऱ्या कामासाठी मिशनची स्थापना झाली. बायकामुलांना मात्र या इमारतींच्या सुखाचा वाटा त्यांनी मिळू दिला नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला. आज आमचे विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते. शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला लाभावे, यापरता सल्ल्याचा मोबदला कोणता?

पण मी भाचीला गाडगेबाबा हो असे सांगणार नाही. कोणत्याही मामाने भाचीला तसे सांगू नये. तिला घरभाडे आहे, गाडीचे हप्ते आहेत, आणि पोटापुरती फी घेणे हे पाप नव्हे. बाबांच्या कहाणीतून तिने एवढेच घ्यावे की, ज्याला आपल्याकडून काही नको, त्याचे बोलणे माणूस अधिक ऐकतो. ज्याला काही हवे आहे, त्याने ते किती आणि कशासाठी, हे पहिल्याच दिवशी उघड करावे.

बाबांच्या जोडीने तुकडोजी महाराजांचे स्मरण झालेच पाहिजे. 1909 साली यावलीत जन्मलेल्या या माणसाने 1935 साली मोझरीला गुरुकुंज उभारला आणि खंजिरीवर गावोगाव जागविले. त्यांची ग्रामगीता 1955 ची. तिचे अध्याय 41. गावाची सफाई, आरोग्य, धंदे, शिक्षण, सारे त्यात आहे. म्हणजे समोर एकच गिऱ्हाईक, आणि ते म्हणजे आख्खे गाव. आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ, 1969 साली स्थापन झालेले आणि डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव मिरविणारे, हाही सल्ल्याचाच कारखाना आहे. तेथे शिवारफेरीला शेतकरी येतात, उभे पीक पाहतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. त्या सल्ल्याची फी सरकारी खजिन्यातून जाते, म्हणून विकू की ठेवू विचारणाऱ्याला तेथे लपवालपवीची भीती नसते. आमच्याच जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीची कित्येक दिवस चालणारी शिबिरे देशभर भरविली आणि 2016 साली ते पद्मश्री झाले. वऱ्हाडच्या मातीला शिकविण्याची हौस पूर्वीपासूनची दिसते.

मग सल्ला देऊन माणूस श्रीमंत होतो तरी कसा? अमेरिकेतल्या डेल कार्नेगीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1912 साली न्यूयॉर्कच्या वाय. एम. सी. ए. मध्ये प्रौढांना भाषणकला शिकवायला तो गेला. रात्रीचे दोन डॉलर मागितले. संस्थेने नकार दिला. शेवटी फीचा जो गल्ला जमेल त्यात हिस्सा, असे ठरले. वर्ग इतके भरले की, थोड्याच वर्षांत त्याला रात्रीचे तीस डॉलर मिळू लागले. चोवीस वर्षे शिकविल्यावर, 1936 साली, त्याचे जगप्रसिद्ध पुस्तक निघाले. आपण पुस्तक पाहतो, त्यामागची चोवीस वर्षे पाहत नाही.

भाचीने आणि मी कागद-पेन्सिल घेऊन तिच्या धंद्याचा हिशेब मांडला. एका दुकानदाराकडून महिना आठ हजार धरले आणि सहा दुकानदार मिळाले, तर अठ्ठेचाळीस हजार. त्यातून जागा, प्रवास, फोन वजा. दर माणसामागे भेटी, तयारी, वह्या वाचणे आले. मन लावून काम करायचे तर एका वेळी बारांपेक्षा अधिक माणसे सांभाळणे कठीण. म्हणजे यात सुखवस्तू होता येते, नवाब होता येत नाही. नवाब व्हायचे तर तीनच वाटा. फी भरमसाट वाढवावी, शंभर माणसांना एकदम बसवावे, नाहीतर इतरांना कोच करण्याचा वर्ग काढावा. आमच्या कापसाच्या दिवसांतही असेच होते. भाव चढो की पडो, पिकविणारा काळजीत, आणि जिनवाला निर्धास्त. कारण कापूस कोणाचाही असो, सरकी त्याच्याच यंत्रातून निघायची. अडीच लाख घेणारी ती संस्था म्हणजे या धंद्यातली जिन आहे, हे मी तिला सांगितले. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, “म्हणजे मी कापूस.”

मी तिला लाख रुपये दिले नाहीत. त्यातले चाळीस हजार दिले. ते वर्षभराच्या घरभाड्याला, आणि अट अशी की, आधी एक वर्ष अकोल्याच्या बाजारात बसून सहा दुकानदारांच्या वह्या वाचायच्या. खापर्ड्यांनी पाटी लावण्यापूर्वी पाच वर्षे नोकरी केली होती, तुला एक वर्ष जड नाही. त्याच रात्री तिला आजोबांची ती गोष्ट सांगितली. तिने ती पूर्वी ऐकलेली नव्हती. ऐकून ती काही बोलली नाही.

यंदा श्रावणात तिचा फोन आला. एका कापडदुकानदाराला नव्या वस्तीत दुसरे दुकान काढायचे होते. तो तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक. दुकान निघाले असते तर तिचे पुढचे वर्ष-दीड वर्षाचे काम पक्के होते. तीन रात्री जागून तिने त्याच्या वह्या पाहिल्या. उधारी अडकलेली, जुन्याच दुकानात माल पडून. “मामा, तो मला विचारतोय, काढू का थांबू?” ती म्हणाली.

मी म्हणालो, “तुझा विचार काय?”

“थांबा म्हणणार आहे. पण माझं काम जाईल.”

मी काही सल्ला दिला नाही. आयुष्यात इतक्या वेळा न विचारता दिला आहे की, या एका वेळी गप्प बसण्याचे पुण्य मिळवावे असे वाटले. तिने त्याला थांबा म्हणून सांगितले. त्याला ते रुचले नाही, आणि त्या महिन्यापासून त्याने येणे बंद केले. अजून तो परतलेला नाही, आणि गोष्ट गोड व्हावी म्हणून तो परतला असे मी लिहिणार नाही. तिच्याकडे सध्या पाच जण आहेत, भाडे निघते, आणि माझ्या चाळीस हजारांतले बारा हजार परत आले आहेत.

नवरात्रात बहिणीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “दादा, पोरीचं कसं व्हायचं रे? असं खरं सांगून कुठं धंदा होतो?”

मला वडिलांची आठवण झाली. अडतीच्या पायरीवर बसलेला तो म्हातारा, त्याची गाडी, आणि वहीत पाहिल्यासारखे करणारे वडील. त्या दिवशी त्यांनी त्याला ठेवा म्हटले असते तर नोकरी गेली असती, आणि माझे शिक्षणही कदाचित झाले नसते. मी त्यांना दोष देत नाही. पण साठ वर्षांनी त्यांच्या नातीला कोणीतरी तोच प्रश्न विचारला, आणि तिने विचारणाऱ्याच्या बाजूने उत्तर दिले.

बहिणीला मी एवढेच म्हणालो, “होईल सावकाश. भाऊबीजेला येतो, तेव्हा बोलू. अनारसे मात्र तुझ्याच हातचे कर.”